भट्टी तीच, वेळ वेगळी: शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या विजेचा हिशोब

कपोला (कोकवर चालणारी उभी भट्टी) बंद करून विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली की फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणारा कारखाना, हिरवी झाली, असा समज कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत चांगलाच रुजलेला आहे. धूर गेला, कोकची राख गेली, शेजारच्या वावरातल्या उसावर काजळी बसायची थांबली, हे सगळं खरं. कार्बनचं गणित मात्र इतकं सरळ निघत नाही. बरा चालवलेला कपोला टनभर लोखंड वितळवायला साधारण १२० किलो कोक खातो आणि त्यातून सुमारे ३५० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मध्यम प्रतीने चालणारी इंडक्शन भट्टी त्याच टनाला ६८० युनिट घेते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशोबाने आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे ढोबळ ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणजे टनाला जवळपास ४९० किलो. धूर शिरोलीतून उठून कोराडी-चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रांकडे गेला आणि जाता जाता वाढलाही.

हा आकडा कपोल्याच्या ३५० किलोच्या खाली कसा आणायचा, आणि त्यासाठी सरकारी हरित कर्जयोजना व सौरऊर्जा नेमकी कुठे कामी येते, हे एका युनिटवर मांडून बघू. हे युनिट म्हणजे नाव झाकलेला एखादा खरा कारखाना नव्हे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात या आकाराच्या फाउंड्र्या बऱ्याच आहेत, त्यांच्यावरून धरलेला हा नमुना आहे. ज्याने त्याने आपले आकडे घालून गणित पुन्हा करावं.

युनिट असं: महिन्याला १५० टन चांगलं कास्टिंग (ओतीव भाग), निम्मं ग्रे आयर्न, निम्मं एसजी, हे ओतीव लोखंडाचे दोन प्रकार. यील्ड (वितळलेल्या धातूतून चांगल्या कास्टिंगमध्ये उतरणारा वाटा) ६० टक्के, म्हणजे २५० टन धातू वितळतो. ५५० किलोवॉटचा एक पॉवर पॅक (भट्टीला वीज पुरवणारं यंत्र) आणि त्यावर एक-एक टनाच्या दोन क्रुसिबल (धातू वितळवायची भांडी), आलटून पालटून. महिन्याचे कामाचे दिवस २५, म्हणून रोज १० हीट, म्हणजे दहा वेळा टन-टन धातू वितळवणं. मेल्टिंगला १,७०,००० युनिट. सँड प्लँट (साच्यांची वाळू तयार करणारी यंत्रणा), कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून सफाई), डस्ट कलेक्टर आणि फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) मिळून आणखी ५०,०००. सगळे आकार धरून युनिटला ९ रुपये मोजले तर बिल २० लाखांच्या आसपास जातं.

बिलातलं घड्याळ

कोल्हापूरच्या फाउंड्र्या रात्री का चालायच्या? जुन्या दरपत्रकात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट होती. सकाळी ९ ते १२ ला ८० पैसे आणि संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जादा. त्यामुळे आपल्या युनिटच्या सहा हीट रात्री निघायच्या आणि चार दुपारी १२ नंतर. दिवसभर मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणं), रात्री बहुतेक ओतकाम, सकाळी नॉकआऊट (साचा फोडून कास्टिंग काढणं). वाळूचं चक्र, माणसांच्या पाळ्या, डबे, ट्रकची वेळ, सगळं त्या दीड रुपयाभोवती बसलेलं.

राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या दर आदेशाने हे उलटं केलं. सवलत आली सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ला, जादा आकार गेला संध्याकाळी ५ ते मध्यरात्रीवर, आणि रात्रीची जुनी सूट उरली नाही. कारण उघड आहे: दुपारी सौर वीज भरपूर, दिवेलागणीला तुटवडा. उद्योजक संघटनांनी यावर आक्षेप घेतले. स्लॉट आणि टक्के पुढेही बदलतील, तेव्हा पाळी ठरवताना हातातलं ताजं बिलच समोर ठेवावं. पण दिशा पक्की आहे. ग्रिडमध्ये सौर वीज वाढत जाईल तशी दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग होत जाणार.

म्हणून या प्रकरणात सौर पॅनेल दुसऱ्या नंबरला येतात. आधी भट्टी दिवसा चालवता आली पाहिजे. सगळं रात्रीच ओतणाऱ्या फाउंड्रीने कितीही मेगावॉट सौर घेतलं, तरी दुपारी तिथे वीज खायला सँड प्लँट आणि कॉम्प्रेसरच असतात, जेमतेम १५० किलोवॉट. अडचण अशी की ६८० युनिट भागिले ५५० किलोवॉट म्हणजे एका हीटला ७४ मिनिटं. आठ तासांत सहाच हीट बसतात, सातवी अर्ध्यात अडकते. हीट छोटी केल्याशिवाय दिवस पुरत नाही, आणि हीट छोटी करायची म्हणजे टनामागचे युनिट कमी करायचे.

कर्ज कोणत्या कामाला

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची 'अदिती' ही योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. रक्कम १,००० कोटी रुपये, ऊर्जा जास्त खाणारी १४ क्षेत्रं, त्यांत फाउंड्री आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाला कर्जाच्या व्याजात ५ टक्के, मध्यमला ३ टक्के सवलत. आपलं युनिट लघुमध्ये बसतं: १ एप्रिल २०२५ पासूनची मर्यादा २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल अशी आहे. अट ही की बसवलेल्या यंत्रणेने निदान १० टक्के ऊर्जा वाचली पाहिजे, आणि ती बचत आधी ऑडिटने, नंतर मोजणीने सिद्ध झाली पाहिजे.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला असा की मालक उत्साहाने झाकण दुरुस्त करून, स्क्रॅप सुधारून आधीच ३०-४० युनिट वाचवतो आणि मग ऑडिटर बोलावतो. बेसलाइनच (तुलनेसाठी धरलेला सुरुवातीचा वापर) खाली गेली, आता उरलेल्यातून १० टक्के काढायचे! ऑडिट आधी, सुधारणा नंतर, हा क्रम पाळावा. दुसरा खड्डा पावसाचा. बेसलाइनचे महिने जुलै-ऑगस्टचे घेऊ नयेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक दिवसेंदिवस थांबली. तितकं टोक दरवर्षी गाठलं जात नाही, पण पावसाळ्यात ओलं स्क्रॅप, ओली वाळू आणि तुटक उत्पादन यांमुळे टनामागचे युनिट फुगतात. फुगलेल्या आकड्याशी पुढे तुलना करताना मोजणी करणारा प्रश्न विचारणारच, आणि विचारलेच पाहिजेत.

मोजणीसाठी भट्टीला स्वतंत्र मीटर हवा. हीट कार्डावर चार्जचं (भट्टीत टाकलेल्या मालाचं) वजन, मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, टॅपिंगचं (भट्टीतून धातू काढतानाचं) तापमान, झाकण उघडं राहिल्याची मिनिटं आणि थांबलेली मिनिटं इतकंच लिहावं. टनामागचा आकडा काढायला मात्र वजन क्रेनच्या काट्यावर लॅडलमधल्या (ओतायच्या भांड्यातल्या) धातूचं घ्यावं. चार्ज केलं तेवढं सगळं धातू होत नाही. गंज, वाळू आणि स्लॅग (वितळताना वर येणारी मळी) वजा होतात, आणि चार्जच्या वजनावर काढलेला आकडा नेहमी खोटा चांगला दिसतो.

नव्वद युनिट कुठे सांडतात

लोखंड १५०० अंशांपर्यंत न्यायला टनाला शास्त्रानुसार ४०० युनिटच्या आत-बाहेर लागतात. कॉइल, थंड पाणी, पॉवर पॅक आणि भट्टीच्या भिंती यांचा वाटा टाळता येत नाही. त्यामुळे ५५० ते ६०० हा चांगल्या युनिटचा पल्ला. आपल्या ६८० मधून ९० काढता येतात.

सगळ्यात डोळ्यांसमोरची सांड म्हणजे तोंडावरची. एक टनाच्या भट्टीचं तोंड साधारण ६० सेंटीमीटर व्यासाचं. १५०० अंशांवरचा धातू उघडा राहिला तर नुसत्या उष्मा-प्रारणाने ६० किलोवॉटच्या आसपास वर जातात. गरजेपेक्षा २० मिनिटं जास्त उघडं राहिलं की हीटमागे २० युनिट गेले. मालकाला वाटतं, कामगार आळशी. झाकण तर बसवलेलं असतं. ते कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं सापडतं, कडेला स्लॅगचा थर, फायबरची चादर निघून लोंबलेली. खरं कारण स्क्रॅप यार्डात असतं. दोन फुटी तोंडात साडेतीन फुटी अँगल उभा टाकला तर झाकण बसणार कसं? वितळून तो खाली सरकेपर्यंत तोंड उघडं. स्क्रॅप तोंडाच्या व्यासाच्या तीन-चतुर्थांशापेक्षा लांब घ्यायचं नाही, हा नियम खरेदीच्या ऑर्डरवर लिहिला की झाकण आपोआप वापरात येतं. हायड्रॉलिक स्विंग झाकण घेताना होज आणि सिलिंडर धातू उडण्याच्या बाजूला येणार नाही हे पाहावं. एकदा होज जळाला की ते झाकणही कोपऱ्यात जातं.

दुसरी सांड वाळू. रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटांत गोठलेले, पुन्हा वितळवायचे तुकडे) चार्जच्या ४० टक्के आणि त्यांना ३ टक्के वाळू चिकटलेली, म्हणजे चार्जच्या सव्वा टक्का वाळू आपण वितळवतो. १ टक्का स्लॅगला टनाला १० युनिट, हा रुळलेला अंदाज आहे. हे रिटर्न्स शॉट ब्लास्ट करून टाकले तर दोन-तीन युनिट खर्चून दहाएक निव्वळ वाचतात, आणि लायनिंगचं (भट्टीच्या आतल्या अस्तराचं) आयुष्यही सुधारतं. पातळ भिंतीच्या रनरला शॉट ब्लास्टमध्ये घालायला फेटलिंगवाले कुरकुर करतात. त्यांना फिरतं पिंप पुरतं.

तिसरी सांड जादा तापमान. जॉब १४९० ला भरत असताना '१५५० ला काढ, सेफ राहील' अशी सवय. ६० अंशांचे टनाला २० युनिट. ही सवय भीतीतून येते: लॅडल थंड असतो, त्यात धातू घातला की ४०-५० अंश पडतात, पातळ भिंतीचं कास्टिंग भरत नाही. लॅडल नीट लाल होईपर्यंत तापवला आणि वर झाकला की भीती जाते. नुसता आदेश काढून तापमान कमी केलं तर पहिल्या मिसरननंतर (साचा पुरता न भरल्याने कास्टिंग वाया गेल्यावर) ते पुन्हा चढतं.

चौथी आणि सगळ्यात मोठी, थांबण्याची. धातू तयार, पण स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राचा) रिझल्ट आलेला नाही. क्रेन शेडच्या दुसऱ्या भागात गेलीय. मोल्ड बंद व्हायचेत. पंधरा-वीस मिनिटं ८०-९० किलोवॉटवर धरून ठेवलं की २५ युनिट गेले. उरलेले दहा-पंधरा स्क्रॅपच्या आकारातून निघतात: पोकळ, फुगीर माल भट्टीत नीट दाबून बसत नाही, पॉवर पूर्ण खेचली जात नाही आणि हीट लांबते. पॅनेलवर किलोवॉटचा काटा पहिली पंधरा मिनिटं कुठे असतो ते पाहिलं की चार्जिंग कसं चाललंय ते समजतं.

कॉम्प्रेसरच्या गळतीवर इतकं बोललं गेलंय की एकच गोष्ट सांगून पुढे जाऊ: सुट्टीच्या दिवशी सगळं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा आणि लोड-अनलोडची मिनिटं लिहा; लोडवर गेलेली मिनिटं म्हणजे गळती.

९० युनिट गेले की उरले ५९०. महिन्याला २२,५०० युनिट, म्हणजे दोन लाख रुपये. झाकणं, रिटर्न्सचा ब्लास्टर, मीटर, पायरोमीटर आणि पुढे येणारा सँड कूलर मिळून ६० लाख धरले तर अडीच वर्षांत वसूल. ५ टक्के व्याज सवलतीचे पहिल्या वर्षी ३ लाख येतात. निर्णय त्यांच्यावर अवलंबून नाही, पण पहिल्या वर्षी हप्ता आणि बिल एकत्र भरताना तेवढी उसंत मिळते. बचत मेल्टिंगच्या १३ टक्के आहे, एकूण विजेच्या १० च्या जरा वर. म्हणजे अटीच्या काठावर. म्हणूनच वरचा पहिला खड्डा महत्त्वाचा.

आणि हीट आता ६४ मिनिटांची झाली. ९ ते ५ मध्ये सात बसतात.

वाळू गरम होते

भट्टी दिवसावर आणण्याची चर्चा बहुतेक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात बंद पडते, आणि ती भट्टीमुळे पडत नाही. रात्री ओतलं की वाळूला निवायला तास मिळतात. दिवसा मोल्डिंग, ओतकाम आणि नॉकआऊट एकाच वेळी चालतात. धातूच्या पाचपट वाळू धरली तर दिवसाला ५० टन वाळू फिरते. सिस्टीममध्ये वाळू असते २०-२५ टन, म्हणजे तोच कण दिवसात दोनदा-तीनदा तापतो. ५० अंशांच्या वर गरम वाळू मिक्सरमध्ये आली की बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) नीट मुरत नाही, घातलेलं पाणी उडून जातं, आणि तेच गार पॅटर्नवर (साच्याच्या नमुन्यावर) आणि कोअरवर (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या गाभ्यावर) दव होऊन बसतं. मोल्ड पॅटर्नला चिकटतो, कडा ढासळतात, कास्टिंगला ब्लो होल (वायूची भोकं). ऑपरेटर पाणी वाढवतो. ब्लो होल वाढतात. रिजेक्शन एका टक्क्याने वाढलं तरी नुसत्या विजेचे महिन्याला १३,००० रुपये जातात, मजुरी, कोअर आणि ग्राहकाची नाराजी वेगळी. दोन-तीन टक्के वाढलं की मालक म्हणतो, रात्रपाळीच बरी होती.

उपाय क्रमाने असा: परतीच्या बेल्टवर पाणी फवारून आणि हवा ओढून गार करणारा सँड कूलर, त्यानंतर १५ टनांचा जादा हॉपर, म्हणजे चक्र लांबतं, आणि मिक्सरवर तापमान पाहून पाणी देणारा कंट्रोलर. उलट क्रमाने पैसे घालू नयेत. कंट्रोलर गरम वाळूला चांगली करू शकत नाही. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने कूलर अर्ध्या ताकदीने चालतो. त्या महिन्यांत नवी वाळू थोडी जास्त घालावी लागते.

उरल्या तीन हीट. त्या ५ नंतर ढकलल्या तर महागड्या स्लॉटमध्ये जातात, म्हणून ९ च्या आधी घ्याव्यात. रात्रभर थंड झालेली भट्टी सकाळी एकदम पूर्ण पॉवरवर चालवता येत नाही. सिलिका लायनिंगला थंड होताना बारीक भेगा पडतात; ५७३ अंशांच्या आसपास क्वार्ट्झ फुगतं आणि त्या मिटतात, पण धातू पातळ होण्याआधी मिटल्या पाहिजेत. पहिली हीट त्यामुळे शंभरेक मिनिटांची. तीन हीटना पावणेचार तास, म्हणजे पहाटे पाचला सुरुवात. घाई करून पहिल्या हीटला पूर्ण पॉवर दिली तर धातू भेगेत शिरतो आणि लीकेज डिटेक्टरचा काटा हलतो; तो काटा रोज टेस्ट करायचा असतो हे बऱ्याच जागी विसरलेलं असतं.

या तीन हीटसाठी मोल्ड आदल्या संध्याकाळी हवेत. ग्रीन सँडचा (माती-पाण्याने बांधलेल्या ओल्या वाळूचा) मोल्ड रातोरात कडेने सुकतो आणि वाळू सुटते. तिथे फ्युरानचे किंवा सीओटूचे (रसायनाने घट्ट केलेल्या वाळूच्या साच्यांचे) मोठे जॉब लावावेत, ते थांबू शकतात. माणसांचीही गोष्ट आहे. हातकणंगले, करवीर, कागलच्या गावांतून येणाऱ्या बऱ्याच कामगारांच्या दारात एक-दोन म्हशी असतात, आणि सकाळचं दूध डेअरीला घालायची वेळ पाच-सहाचीच. पहाटेच्या पाळीला पाच जण पुरतात. फिरती पाळी लावण्यापेक्षा ज्यांच्या घरी धारेला दुसरं माणूस आहे अशांना ती कायमची देऊन दुपारी १ ला मोकळं केलं तर गैरहजेरी कमी राहते. एप्रिल-मेच्या दुपारी भट्टीपाशी उभं राहणाऱ्यांसाठी हवेचे झोत आणि वीस मिनिटांची बदली हा खर्चही याच हिशोबात धरायचा.

आता सौर

१,५०० चौरस मीटरच्या शेडवर, टर्बो व्हेंटिलेटर आणि पारदर्शक पत्रे सोडून, १५० किलोवॉट बसतं. कोल्हापूरच्या उन्हात किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट; महिन्याला १७,५००. बचतीनंतरची गरज दोन लाखांच्या जवळ, म्हणजे छपराने ९ टक्के भागतं. बसवण्याआधी शेडच्या ट्रसची तपासणी हवी. फाउंड्रीच्या शेडवर वर्षानुवर्षांची धूळ आधीच ओझं असते. नॉकआऊटच्या बाजूच्या पॅनेलवर वाळू, कार्बन आणि लोखंडाची बारीक पूड बसते; पहिल्या पावसात ती गंजून काचेवर डाग पडतात. तिथे पंधरवड्याला पाणी मारणं पुरत नाही, आठवड्याला मारावं, आणि शक्यतो ती बाजू रिकामीच ठेवावी.

पुढचा घास समूह कॅप्टिव्हचा, म्हणजे अनेक वापरकर्त्यांनी मिळून भांडवल घातलेल्या बाहेरच्या सौर प्रकल्पाचा. २०२२ च्या हरित खुल्या प्रवेशाच्या (बाहेरच्या प्रकल्पाची हरित वीज ग्रिडमधून घेण्याच्या) नियमांनी किमान मर्यादा १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे या आकाराची फाउंड्री आत येऊ शकते. कॅप्टिव्ह ठरायला प्रकल्पात वापरकर्त्यांचं मिळून किमान २६ टक्के भांडवल आणि वर्षाच्या निर्मितीतली किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरलेली हवी, तीही आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात. हे जमलं तर क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठी घेतला जाणारा जादा आकार) लागत नाही. एखाद्या वर्षी चुकलं तर तो अख्ख्या वर्षाचा लागतो. करारावर सही करताना दर सगळे वाचतात; शेजारच्या भागीदाराची फाउंड्री बंद पडली तर त्याच्या हिश्शाचं काय, हे कलम फार थोडे वाचतात.

किती घ्यावं? मोह १ मेगावॉटचा होतो. आपल्या युनिटचा दुपारचा भार भट्टीसकट ७०० किलोवॉट. छपराचं १५० वगळलं तर ५०० किलोवॉटच्या वर गेल्यास ऐन दुपारी वीज जास्त होते आणि बँकिंगमध्ये (नंतर वापरायला ग्रिडच्या खात्यात) जाते. बँकेतली दुपारची वीज संध्याकाळच्या महाग वेळेत काढता येत नाही, आणि आठवड्याची सुट्टी येतेच. त्यामुळे ५०० पुरे. वहनातली घट वजा जाता महिन्याला सरासरी ५७,००० युनिट, छपराचे धरून ७४,५००, म्हणजे ३७ टक्के. दोन क्रुसिबल आलटून चालतात म्हणून भार सपाट राहतो. एकच क्रुसिबल असलेल्या युनिटला ओतण्याच्या वेळेत भार शून्यावर येतो, त्याने आणखी कमी घ्यावं.

टनाला ५९० युनिट, त्यातले ६३ टक्के ग्रिडचे: कार्बन २६८ किलो. सुरुवातीच्या ४९० वरून ४५ टक्के कमी, आणि कपोल्याच्या ३५० खाली. परदेशी ग्राहकाच्या फॉर्मात हा आकडा चांगल्या कास्टिंगमागे द्यायचा असतो, म्हणून यील्डने भागायला विसरू नये. नुसत्या मेल्टिंगचाच तो साडेचारशेच्या जवळ जातो, त्यात सँड प्लँट आणि बाकी वीज वेगळी मिळवायची. यील्ड ६० वरून ६५ केली तर एकही पॅनेल न लावता तो आणखी ८ टक्क्यांनी उतरतो. रायझरची नवी रचना करणारा मेथड्स इंजिनिअर या सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त आहे, आणि यंत्रणेसाठीच्या कर्जात तो बसत नाही.

कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेला कमाल भार) मात्र सौर आलं म्हणून उतरवू नये. जुलैत कोल्हापुरात आठ-दहा दिवस ऊन दिसत नाही, निर्मिती निम्म्याखाली येते आणि भट्टीला ५५० किलोवॉट तेव्हाही लागतात.